चरात लागलेलं गाडगं

प्रश्न : गावात पाणीयोजनेची पाइपलाइन टाकताना जेसीबीच्या बकेटला मातीचं गाडगं लागलं. ते फुटून हिरवट पडलेली नाणी निघाली. चराच्या भिंतीत मोठाल्या विटा आणि राखेचा पट्टा दिसतो. ठेकेदार म्हणतो, बोभाटा केलात तर काम अडेल, बुजवून टाकू. पाणी आम्हालाही हवंच आहे. काय करावं? (ग्रामपंचायत सदस्य, तासगाव तालुका)

उत्तर : आधी एक सांगा, तुमचा चर गावच्या पांढरीतून चाललाय ना? आपले जुनेजाणते काळी आणि पांढरी असा भेद करतात. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. शतकानुशतकं चुलींची राख, पडलेल्या भिंतींची माती आणि शेणामुताचा थर साचून ती माती पांढुरकी झालेली असते. तुमचा राखेचा पट्टा त्यातलाच असावा. विटा हातभर लांब असतील तर वस्ती सातवाहनकाळापर्यंतही मागे जाऊ शकते. मध्य प्रदेशातल्या भरहूतच्या प्राचीन बौद्ध स्तूपावर करहाकट निगमाच्या, म्हणजे नगराच्या, दानाचा लेख आहे. ते करहाकट म्हणजे आपलं कऱ्हाड. तुमचं गाव तिथून फार लांब नाही.

आता नाण्यांचं. तीसएक वर्षांपूर्वी कऱ्हाडजवळच्या एका गावात टेलिफोनच्या केबलसाठी चर खणताना नाणी निघाली. मी पोचेपर्यंत पोरांनी ती चिंच आणि राखेनं लखलखीत घासून ठेवली होती. छाप पुसट झालेले. कुठल्या थरात, कशाशेजारी होती, विचारलं तर कुणालाच सांगता येईना. चर बुजलेला. मी चहा न घेता परतलो. ते अजून लागून आहे. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगतो, नाणी धुऊ नका. खापरांसकट कागदात गुंडाळा. विटांना हात लावू नका. टेप धरून जमिनीपासूनची खोली मोजा आणि टेप दिसेल असा भिंतीचा फोटो काढा.

कायद्याचं भय ठेकेदारानं धरायला हवं, तुम्ही नव्हे. १८७८ च्या निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेलं धन) अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीची अशी ठेव सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. काय सापडलं, कुठं, कधी, हे सगळं त्यात लिहायचं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सरकारनं ठेव घेतली तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूद आहे. अर्ज तहसीलदारांमार्फत द्या, पोच घ्या, एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला पाठवा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या पुरातत्त्वाच्या मंडळींनाही कळवा.

पाण्याचं म्हणाल, तर तुमची गरज मला खोटी वाटत नाही. तेवढा दहा-पंधरा फुटांचा तुकडा सोडून पुढचं काम चालू ठेवायला सांगा. पाइप थोडा वळवता येतो. आज रात्री मात्र चरावर ताडपत्री टाका आणि कुणीतरी राखणीला बसवा. वळीव आला तर राखेचा पट्टा वाहून जाईल.