फिल्ट्रेटने बी रुजलं नाही, म्हणजे विष सापडलं असं नाही

घाणेरीच्या पानातली फोमॉप्सिस ही बुरशी पीडीबीत (बटाटा-डेक्स्ट्रोजच्या द्रव माध्यमात) ३ आठवडे वाढवली, फिल्ट्रेटमध्ये (बुरशी गाळून उरलेल्या द्रवात) मूग टाकले, एकही रुजला नाही. मग तणनाशक मिळालं का, असं विचारलंय. एवढ्यावरून नाही म्हणता येत.

आधी पीएच मोजा. बऱ्याच बुरशी सेंद्रिय आम्लं सोडतात आणि पीएच साडेतीनच्या आसपास आला की मुळं तेवढ्यानेच खुंटतात. म्हणून त्याच पीएचला आणलेलं साधं पाणी हा कंट्रोल (तुलनेचा नमुना) हवाच. फिल्ट्रेट ६.५ ला आणूनही पाहा, पण तिथे परिणाम कमी झाला म्हणून विष नाही असं ठरवू नका: विषच आम्ल असेल तर उदासीन पीएचला ते पेशीत कमी शिरतं. कोरं पीडीबी हा कंट्रोल थोडा फसवा आहे. त्यात लिटरला २० ग्रॅम डेक्स्ट्रोज शाबूत असतं, तुमच्या फिल्ट्रेटमधलं बुरशीने बरंचसं खाल्लेलं असतं. शिवाय मूग द्रवात बुडालेले असतील, तर हवेअभावीही रुजत नाहीत.

खरी चाचणी अर्कावर करा. फिल्ट्रेटचा पीएच ३ करा, समान आकारमानाच्या इथिल ॲसिटेटने (पाण्यात न मिसळणाऱ्या द्रावकाने) तीनदा अर्क काढा. पीएच न उतरवता काढलं तर आम्लधर्मी संयुगं पाण्यातच राहतात. दोन थरांच्या मधे फेस-मलई धरली तर संपृक्त मिठाचं पाणी घालून थांबा. मग इथिल ॲसिटेटचा थर निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवून ४० अंशांना आटवा. कोऱ्या पीडीबीचाही असाच अर्क काढा.

९ सेंमी प्लेटमधल्या फिल्टर पेपरवर ४ मिलिग्रॅम अर्क १ मिलि ॲसिटोनमध्ये पसरवा, ॲसिटोन पूर्ण उडू द्या, मग ४ मिलि पाणी. म्हणजे मिलिलिटरला १ मिलिग्रॅम. तिथून निम्मं-निम्मं करत खाली या. नुसत्या ॲसिटोनची प्लेटही ठेवा. मूग वापरू नका, मोठ्या बियांचा अन्नसाठा सौम्य विष झाकतो. अळीव घ्या, प्लेटला २०, न भिजवता आणि सुटे सुटे, नाहीतर बुळबुळीत गोळा होतो. अंधारात २५ अंशांना ७२ तास ठेवून मुळांची लांबी मोजा. नुसती रुजलेली बी मोजून मधले परिणाम निसटतात. तणनाशकाचा विचार असेल तर सोबत नाचणीही लावा, गवतवर्गीय आणि रुंदपानी यांतला फरक तिथेच कळतो.

हातमोजे घालाच. पानांतल्या फोमॉप्सिसकडून ३-नायट्रोप्रोपिऑनिक आम्ल मिळाल्याच्या नोंदी आहेत, आणि ते प्राण्यांच्या मेंदूलाही घातक आहे.