महापालिकेच्या शाळेत जायला मुलीला बसची सोय मिळते का? शाळा घरापासून दोन किलोमीटरवर आहे, ती सहावीत जाईल.

शाळेची वेगळी बस दारात येईल असं धरून चालू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या राज्य नियमांत पहिली ते पाचवीला 1 किलोमीटर आणि सहावी ते आठवीला 3 किलोमीटरच्या आत शाळा असावी असं आहे. तुमचे दोन किलोमीटर त्यात बसतात, त्यामुळे अंतराच्या आधारावर वाहतुकीचा हक्क सांगता येणार नाही.

पण मुंबईत महापालिका शाळेच्या मुलांना बेस्ट बसचा मोफत पास मिळतो, तो नक्की काढा. जूनमध्ये शाळा उघडली की वर्गशिक्षकांनाच आधी विचारा, कागदपत्रं तेच सांगतील. आणि पहिला आठवडाभर तिच्यासोबत स्वतः जा. माझी मुलगी पहिल्या दिवशी पाठीवरची सॅक बसच्या दारात अडकून रडकुंडीला आली होती. तेव्हापासून सॅक पोटाशी धरूनच चढते. रस्ता कुठे ओलांडायचा तेही दाखवून ठेवा.

खासगी व्हॅन लावणार असाल तर परवाना शालेय वाहतुकीचा आहे का ते बघा, आणि मुली असतील तिथे महिला मदतनीस हवीच. शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते, व्हॅनची तक्रार तिथे लेखी द्या.