रोमान्स हा शब्द रोमांचवरून आला का? पूर्वी त्याचा अर्थ काय होता?

रोमांचवरून? नाही हो. जोडी ऐकायला छान जमते, पण तो निव्वळ योगायोग. रोमांच आपला संस्कृतातला. रोम म्हणजे अंगावरचा केस, तो ताठ उभा राहिला की रोमांच. नाट्यशास्त्राने आठ सात्त्विक भावांमध्ये घाम आणि अश्रूंच्या पंगतीला त्याला बसवलंय. त्याला प्रेमच लागतं असं नाही, अमावास्येला भुताची गोष्ट ऐकूनही तो येतो.

रोमान्समधलं रोम म्हणजे इटलीतलं शहर. आणि सुरुवातीला या शब्दाचा प्रेमाशी काडीचाही संबंध नव्हता, तो भाषेचा शब्द होता. रोमन साम्राज्य गेलं, लॅटिन चर्चमध्ये आणि पंडितांकडे राहिली. घरात-बाजारात लोक जे बोलत ते मात्र तिच्यापासून लांब लांब गेलं. इतकं, की 813 साली फ्रान्समधल्या तूर इथल्या धर्मसभेने ठरवलं, प्रवचन लोकांना कळेल अशा गावंढळ रोमन बोलीत किंवा जर्मन बोलीत करा. या बोलीत बोलणं म्हणजे 'रोमानिके', रोमन रीतीने बोलणं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं 'रोमांझ' झालं. लॅटिन पोथी लोकांच्या बोलीत आणली की ती 'रोमांझ'मध्ये आली. आपल्याकडे 1290 साली ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली, साधारण तसंच.

मग या बोलीत लोकांना आवडतील अशा लांबलचक पद्यकथा आल्या. आर्थर राजाचे सरदार, मंतरलेले किल्ले, आणि जिच्यासाठी जीव धोक्यात घालायचा ती बाई. भाषेचं नाव गोष्टीला चिकटलं. फ्रेंचमध्ये कादंबरीला आजही 'रोमां' म्हणतात. आपण हसायला नको, आपण तर बाणभट्टाच्या नायिकेचं नाव अख्ख्या साहित्यप्रकाराला देऊन बसलोय! इंग्रजीत गोष्टीतलं अद्भुत पुढे आलं, मग त्यातलं प्रेम. दोघांचं 'जमलंय' हा अर्थ सगळ्यात धाकटा, आणि आपल्यापर्यंत नेमका तोच पोहोचला.

जुना अर्थ मेलेला नाही. पोर्तुगीज, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, रुमानियन या लॅटिनच्या लेकींना रोमान्स भाषाच म्हणतात. आणि त्यातली एक आमच्या दारात येऊन राहिली. मी रेवदंड्याचा. कोटाच्या पडक्या भिंती बघत मोठा झालो. पोर्तुगीज 1740 मध्ये इथून गेले, पण पगार, चावी, बादली, घमेलं मागे ठेवून गेले. म्हणजे महिनाअखेर आम्ही ज्याची वाट बघतो तो पगार अस्सल रोमान्स आहे, बायकोला हे पटत नाही.

खाडीपलीकडे कोर्लई. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत हजाराच्या आसपास माणसं अजून पोर्तुगीजातून तयार झालेली बोली बोलतात. तिचं नाव 'नॉ लिंग', म्हणजे आमची भाषा. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद आपल्यासारखं शेवटी. व्याकरणवाले तिला मिश्र बोली म्हणून वेगळ्या खणात टाकतील, त्यांचं बरोबरच आहे.

दहाएक वर्षांपूर्वी अलिबाग-मुरूड एस.टी.त माझ्या पुढच्या बाकावर दोन बायका होत्या, पायाशी भाजीची पिशवी. कंडक्टर आला तेव्हा "दोन कोर्लई" म्हणून सुटे पैसे मोजून दिले, आणि लगेच पुन्हा आपापसांत सुरू. चाल ओळखीची, वाक्य कुठे संपतंय तेही कळत होतं, शब्द मात्र एक कळेना. साळावचा पूल ओलांडेपर्यंत मी कान टवकारून बसलो. शेवटी विचारलंच, "मावशी, ही कुठली भाषा?"

त्यांनी मागे वळून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आमची," म्हणाल्या, आणि पिशवी सावरून पुढचं बोलू लागल्या.