वाचकांचे प्रश्न : ताजमहालाचा शुभ्रपणा आणि त्याची राखण

प्रश्न : लहानपणी पाहिलेला ताजमहाल पांढराशुभ्र आठवतो. अलीकडे मुलांना घेऊन गेलो, तेव्हा तो जागोजाग पिवळसर दिसला. हा मथुरेच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचा परिणाम आहे का? मुलतानी मातीचा लेप दिला की तो पूर्ववत होतो, हे खरे आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्याला दिसलेला पिवळेपणा हा भास नाही, मात्र त्याचा सगळा दोष मथुरेच्या माथी मारता येणार नाही. हा कारखाना १९८२ साली सुरू झाला आणि त्याच्या धुराड्यांतून बाहेर पडणाऱ्या सल्फर डायऑक्साइडबद्दलची चिंता त्याच्या उभारणीपासूनच व्यक्त होत होती. संगमरवर म्हणजे मुळात कॅल्शियम कार्बोनेट. हा वायू हवेतील ओलाव्यात मिसळला की आम्ल तयार होते आणि त्यामुळे दगडाच्या पृष्ठभागाचे हळूहळू जिप्सममध्ये रूपांतर होते. जिप्सम मऊ असल्याने तो पावसात विरघळतो किंवा पापुद्र्यासारखा सुटतो, आणि गेलेला दगड परत येत नाही. आग्ऱ्यातील कोळशावर चालणाऱ्या ओतशाळा आणि फिरोजाबादच्या काचभट्ट्या यांचाही या धुरात मोठा वाटा होता. पर्यावरणविषयक खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांनी १९८४ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तिच्यावर ३० डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला. ताजभोवतीच्या सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरच्या संरक्षित पट्ट्यातील २९२ उद्योगांनी कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरावा, अन्यथा तेथून स्थलांतर करावे, असा आदेश त्यात होता. एका वास्तूसाठी अवघ्या प्रदेशाचे इंधन बदलायला लावणारा हा निकाल मला आजही फार धाडसी वाटतो, आणि त्यामुळे ज्या कामगारांचे रोजगार गेले त्यांचाही आपण कृतज्ञतेने विचार केला पाहिजे.

आज आपल्याला दिसणारा रंग मात्र मुख्यत्वे दुसऱ्याच कारणाने आला आहे. आयआयटी कानपूर, अमेरिकेतील जॉर्जिया टेक विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या संशोधकांनी केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. संगमरवरावर बसणारे कण प्रामुख्याने धुळीचे आणि कार्बनचे आहेत, असे त्यात आढळले. लाकूडफाटा, गोवऱ्या, पालापाचोळा, शहरातील कचरा आणि वाहनांचे इंधन यांच्या ज्वलनातून निघणारे कार्बनचे काही कण प्रकाशातील निळा भाग शोषून घेतात. त्यामुळे ज्या दगडावर ते बसतात तो पिवळसर-तपकिरी दिसू लागतो. कारखान्याला न्यायालयात उभे करता येते. घरोघरच्या चुलीच्या आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पेटणाऱ्या कचऱ्याच्या धुराचे काय करायचे, हा प्रश्न त्याहून कितीतरी अवघड आहे.

आता लेपाविषयी. मुलतानी मातीचा ओला लेप संगमरवरावर थापून वर प्लॅस्टिकचा कागद लावतात. लेप वाळताना दगडाच्या सूक्ष्म छिद्रांतील मळ शोषून घेतो. मग तो हलक्या हाताने काढून दगड शुद्ध पाण्याने धुतात. चेहऱ्याला मुलतानी माती लावण्याची आपली घरगुती रीत हीच आहे. पुरातत्त्व विभागाने १९९४ पासून ताजवर टप्प्याटप्प्याने हा उपाय केला आहे. रासायनिक धुलाईपेक्षा तो सौम्य आहे आणि त्याने फरक निश्चित पडतो, पण तो कायमचा इलाज नाही. हवा तीच राहिली तर मळ पुन्हा बसतो. शिवाय कितीही मायेने केलेली स्वच्छता दगडाला काही ना काही घासतेच, त्यामुळे ती वरचेवर करणे हिताचे नाही. म्हणूनच ताज किती वेळा धुतला यापेक्षा तो धुण्याची वेळ किती उशिरा आली, यावरून त्याच्या राखणीचे मोल ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यमुनेचाही उल्लेख केलाच पाहिजे. प्रवाह आटून पाणी साचले आणि त्यात सांडपाणी मिसळले की कीटकांची बेसुमार पैदास होते. २०१५-१६च्या सुमारास अशा कीटकांच्या थव्यांनी नदीकडच्या भिंतींवर हिरवट डाग पाडले होते. ते डाग पाण्याने निघतात, पण नदी वाहती होईपर्यंत ते पुन्हा पडतच राहणार.

प्रश्न : ताजचा घुमट गळतो, अशी बातमी वाचली. इतकी भक्कम इमारत गळेल कशी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सप्टेंबर २०२४ मधील सलग पावसात मुख्य घुमटातून पाणी झिरपल्याचे दिसले होते; मात्र घुमटाला इजा झालेली नसल्याचे पुरातत्त्व विभागाने सांगितले. ही तक्रार नवी नाही. १६५२ साली, म्हणजे शाहजहानच्या हयातीतच, औरंगजेबाने ताज पाहून वडिलांना पत्र लिहिले आणि पावसाळ्यात घुमट उत्तरेकडून गळतो, असे कळवले.

बाहेरून अखंड पाषाणाची वाटणारी ही वास्तू आतून विटा आणि चुन्याची आहे. राजस्थानातील मकराण्याचा संगमरवर तिच्यावर आवरणासारखा बसवलेला आहे. या शिळा धरून ठेवण्यासाठी काही ठिकाणी लोखंडाचा वापर झाला आहे. सांध्यातला चुना झिजला की पाणी आत शिरते, लोखंड गंजते, गंजताना फुगते आणि भोवतालचा दगड तडकवते. त्यामुळे सांधे वेळच्या वेळी भरणे हे काम कोणाच्या नजरेत भरत नसले, तरी धुलाईइतकेच, किंबहुना तिच्यापेक्षाही महत्त्वाचे आहे.

प्रश्न : पौर्णिमेला ताज पाहण्याचे इतके कौतुक का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मकराण्याचा संगमरवर किंचित पारभासी असतो. प्रकाश त्याच्या स्फटिकांत थोडा आत शिरून परततो, म्हणून पहाटे त्याच्यावर गुलाबी झाक येते, दुपारी तो झगझगीत दिसतो आणि चांदण्यात निळसर भासतो. बागेच्या मध्यभागी कबर बांधण्याचा प्रघात मोडून ती नदीकाठच्या उंच चौथऱ्यावर नेल्यामुळे बागेतून पाहताना तिच्यामागे केवळ आकाश दिसते, आणि आकाशाचा प्रत्येक बदल दगडावर उमटतो. रात्रीचे दर्शन पौर्णिमा आणि तिच्या आधीच्या व नंतरच्या दोन-दोन रात्री असते. शुक्रवार आणि रमजानचा महिना त्यातून वगळलेला असतो. धुळीचा थर या पारभासीपणावरच घाला घालतो, हे ध्यानात घेतले की पहिल्या प्रश्नाचे गांभीर्य अधिक जाणवते.

प्रश्न : आमच्या बीबी का मकबऱ्याला ‘गरिबांचा ताज’ म्हणतात, ते योग्य आहे का? त्याची राखण ताजसारखीच करता येईल का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : हे विशेषण मला अन्यायाचे वाटते. १६५७ साली निवर्तलेल्या, औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगमेचा हा मकबरा ज्या अताउल्लाच्या देखरेखीखाली झाला, तो ताजचा स्थपती मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहौरीचा मुलगा होता. त्यामुळे दोन्ही वास्तूंतील साम्य हे नुसत्या नकलेचे नसून घराण्यातून आलेल्या विद्येचे आहे. येथे खर्चाला मर्यादा होती. संगमरवर मुख्यतः घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागाला लागला, आणि उरलेला शुभ्रपणा कसबी कारागिरांनी चुन्याच्या घोटीव गिलाव्यातून साधला.

राखणीची रीत मात्र वेगळी ठेवावी लागते. गिलाव्याचा मुख्य शत्रू ओल आहे. तो आतून फुगतो आणि त्याचे पोपडे सुटतात. अशा जागी सिमेंट वापरणे घातक ठरते, कारण ते ओल आत कोंडून ठेवते आणि शेजारचा जुना चुनाही सैल करते. भिजवून मुरवलेल्या चुन्यानेच दुरुस्ती व्हावी लागते. तो चुना तयार करणारे आणि घोटणारे हात टिकावेत, यासाठी आपल्या शहरातील नागरिकांनी आग्रह धरला, तर तो मकबऱ्याच्या फार उपयोगी पडेल.