साडेपाच लाख गेले ते गेले. विमा कुणाचा उतरवलाय ते बघा

सातारा जिल्ह्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. वय ४७, खासगी कारखान्यात नोकरी, हातात पगार ६८ हजार, घरकर्जाचे १९ लाख बाकी, घरात कमावणारे ते एकटेच. लेक पुण्यात खासगी कॉलेजात सिव्हिलचं दुसरं वर्ष संपवतेय. फी, हॉस्टेल, मेस मिळून वर्षाला पावणेतीन लाख. आता ती म्हणते, इंजिनीअरिंग सोडून जिऑलॉजीत, म्हणजे भूशास्त्रात, बीएस्सी करायचंय. वडील विचारतात, "दोन वर्षांचे साडेपाच लाख पाण्यात घालायचे, की डिग्री पुरी करून मग काय ते कर म्हणून सांगायचं?" शेवटी सहज एक ओळ आहे: "तिच्या नावाने पॉलिसी आहे, वर्षाला ६० हजार, १२ हप्ते झाले. पाच वर्षांनी २० लाख येतील. पुढच्या शिक्षणासाठी एजंट आणखी एक लाखाची युलिप काढा म्हणतोय." (युलिप म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र बांधलेली पॉलिसी.)

आधी तुमचा प्रश्न. साडेपाच लाख गेले आहेत. ती राहिली तरी गेले, निघाली तरी गेले. हिशेब पुढचाच करायचा. सिव्हिल पुरं करायला आणखी दोन वर्षं, साडेपाच लाख. अनुदानित कॉलेजात बीएस्सी केली तर फी किरकोळ, राहणं-जेवण धरून वर्षाला एक लाख चाळीस हजार. तीन वर्षांचे सव्वाचार. पण नुसत्या बीएस्सीवर भागत नाही, एमएस्सी करावीच लागते. तिचे आणखी पावणेतीन-तीन. एकूण सात लाख. म्हणजे जास्तीचा खर्च दीड लाखच. खरी किंमत आहे ती उशिराची: सिव्हिलवाली दोन वर्षांनी कमावेल, ही पाच वर्षांनी. सुरुवातीचा पगार महिना पंचवीस हजार धरला, तर तीन वर्षांचे नऊ लाख. साधारण दहा लाखांचा निर्णय आहे हा. लहान नाही, पण घर बुडवणाराही नाही.

तुम्ही लिहिलंय की हॉस्टेलच्या टेबलावर पुस्तकांपेक्षा दगड जास्त आहेत, आणि दिवाळीला तिने पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला एक पांढरा स्फटिक आणून आईच्या देवघराशेजारी ठेवला. ते वाचून मला बरं वाटलं. आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत सापडणारे हे स्फटिक जगभरचे संग्राहक शोधत असतात. सिव्हिलला दुसऱ्या वर्षी भूशास्त्राचा एक विषय असतो, तिथेच तिला गोडी लागली असणार. पण एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिलाय, हेही तुम्हीच लिहिलंय. तेव्हा तिला विचारा, एम-थ्री सुटला असता तरी सोडलं असतंस का? आणि जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात जाऊन एखाद्या भूवैज्ञानिकाशी तासभर बोलायला सांगा. उन्हात विहिरींची पातळी मोजत फिरणं हे ते काम आहे. ते ऐकूनही डोळे चमकले तर जाऊ द्या. डिग्री पुरी करून मग वळ, हा सल्ला इथे फसवा आहे: यूपीएससीच्या भूवैज्ञानिक पदाच्या परीक्षेला भूशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, सिव्हिलची चालत नाही. बीएस्सीनंतर जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईत एमएस्सीला जाता येतं. नव्या कॉलेजात प्रवेश पक्का झाल्याशिवाय जुना रद्द करू नका, एवढं सांभाळा.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते.

लेक आठ वर्षांची होती तेव्हापासून, बारा वर्षं, तुम्ही तिच्या जिवाचा विमा भरताय. तिच्या कमाईवर कोण अवलंबून होतं? उद्या तुम्हाला काही झालं तर ही पॉलिसी तुमच्या घरी एक रुपया आणणार नाही. हप्तामाफीचा रायडर, म्हणजे जोडकलम, असला तर हप्ते थांबतील, इतकंच. १९ लाखांचं कर्ज, लेकीची पाच वर्षं, बायकोचं सगळं आयुष्य तुमच्या पगारावर उभं आहे, आणि पत्रात तुमच्या स्वतःच्या विम्याचा उल्लेखही नाही. मागच्या वर्षी एक बाई माझ्यासमोर बसल्या होत्या. फाईल नीट लावलेली, तीन पॉलिसी, तिन्ही मुलांच्या नावाने. मी पानं उलटत राहिलो. नवऱ्याच्या नावाची एकही नव्हती. मुलाच्या नावाने पॉलिसी विकणाऱ्याला बापाच्या मायेचा पत्ता बरोबर ठाऊक असतो. मला याचा राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

वीस लाखांचं म्हणाल तर ते विसरा. अशा पॉलिसीला पाच टक्क्यांच्या आसपास सुटतात, म्हणजे सोळा लाख धरून चाला. मोडू मात्र नका. फीचाच हिशेब इथे लावा, फक्त उत्तर उलटं येतं: तोटा पहिल्या वर्षांत होऊन गेलाय, शेवटची पाच वर्षं टिकवण्यात सहसा फायदा असतो. तरी आज मोडली तर हातात येणारी, म्हणजे सरेंडरची, रक्कम कंपनीकडून लेखी मागवा आणि ताडून बघा.

युलिप नको. पाच वर्षं पैसे अडकतात, आणि एमएस्सीची फी तीन वर्षांनी भरायची आहे. ज्याने ही सुचवली त्याने एवढं साधं वर्षही मोजलं नाही.

पैसे कुठून आणायचे? पावणेतीन लाखांचा खर्च एक चाळीसवर आला, वर्षाला एक पस्तीस सुटले. त्यातून स्वतःचा एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा साधा विमा, घ्या, निवृत्तीपर्यंतचा. तुमच्या वयाला तीस ते पन्नास हजार हप्ता बसेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी नाही. उरलेले किमान पंच्याऐंशी हजार आवर्ती ठेवीत टाका. तीन वर्षांत एमएस्सीची बहुतेक सोय होते.

लेक कॉलेज बदलो न बदलो, विम्याचा अर्ज या महिन्यात भरा. ती सिव्हिललाच राहिली तर हप्त्यासाठी घरातला दुसरा खर्च कापा. पत्रात तुम्हाला मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्याचं ओझरतं आलंय. ते अर्जावर लिहा. "कशाला लिहिता, वैद्यकीय तपासणी लागेल" असं कुणी म्हणालं तरी लिहा, हप्ता वाढला तरी लिहा. दाव्याचे कागद घेऊन खिडकीवर तुमची पत्नी उभी राहणार आहे.