जपानच्या खेड्यातला पहिला हिवाळा: बर्फ पडायच्या आत काय काय उरकावं?

तुम्ही ऑगस्टमध्ये निगाता प्रांतातल्या डोंगराळ गावात नोकरीसाठी येताय, बर्फ कधी अनुभवलेला नाही, आणि रोजची कामं कशी होतात, हिवाळ्याची तयारी कधी सुरू करायची, असं विचारलंय. मी निगातातल्याच तोकामाची शहराच्या बाजूला राहते, म्हणून इथलंच सांगते. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाचं गणित वेगळं.

आधी थंडीची भीती सोडा. इथे पारा बहुतेक दिवस शून्याच्या आसपास असतो. प्रश्न बर्फाचा आहे. सैबेरियाकडून येणारे गार वारे समुद्रावरून येताना बाष्प उचलतात आणि आमच्या डोंगरांना अडून ते सगळं इथेच ओततात, आपल्याकडे सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो तसं. हा बर्फ ओला आणि जड असतो. जवळच्या मोरिमियानोहारा स्टेशनवर फेब्रुवारी 1945 मध्ये 7.85 मीटर बर्फ मोजला गेला होता. तेवढ्या उंचीचा खांब आजही तिथे उभा आहे. दरवर्षी असं होत नाही, पण दोन मीटर साचला तर इथे कुणाला नवल वाटत नाही. म्हणून सगळी तयारी नोव्हेंबर संपायच्या आत.

आल्या आल्या कागदपत्रं. घरात राहायला गेल्यापासून 14 दिवसांच्या आत पालिकेत पत्ता नोंदवायचा. तिथेच कचऱ्याचं वेळापत्रक मागून घ्या: कोणता कचरा कोणत्या वारी, कोणत्या पिशवीत. सकाळी उशिरा टाकलेला कचरा तसाच पडून राहतो आणि तो कुणाचा हे गल्लीला कळतं. बिलं भरणं, पैसे काढणं, पार्सल पाठवणं हे सगळं कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात होतं.

गाडीशिवाय मात्र इथे भाजीसुद्धा आणता येत नाही. भारतातून आणलेलं आंतरराष्ट्रीय परमिट आल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष चालतं. पुढे जपानी लायसन्स लागतं आणि भारतीयांना परीक्षेतून सूट नाही. ऑक्टोबर 2025 पासून लेखी परीक्षा 50 प्रश्नांची झाली आहे, त्यात 45 उत्तरं बरोबर यावी लागतात. वर गाडी चालवून दाखवायची ती वेगळीच. हे काम रस्ते कोरडे आहेत तोवर सुरू करा. गाडी घेताना छोटी, पिवळ्या नंबरप्लेटची घ्या, पण चारही चाकांना जोर देणारी. हिवाळी टायर वेगळे असतात, त्यांना स्टडलेस म्हणतात. पहिल्या बर्फाचा अंदाज आला की टायरवाल्याकडे रांग लागते, म्हणून ऑक्टोबरमध्येच वेळ ठरवून ठेवा. रात्री गाडी लावताना वायपर उभे करा आणि हँडब्रेक ओढू नका, तो गोठून अडकतो; गिअर पार्किंगमध्ये टाकला की पुरे. आणि हे विसरू नका: बर्फात अडकलेल्या गाडीत इंजिन चालू ठेवून बसायचं असेल तर आधी मागच्या धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढा. नळी बुजली तर विषारी वायू आत शिरतो आणि माणूस झोपेतच जातो.

आता रॉकेल. आपल्याकडे ते जवळपास विस्मरणात गेलंय, इथे मात्र घर त्याच्यावर उबदार राहतं. पेट्रोलपंपावर रॉकेलचा वेगळा नळ असतो, 18 लिटरचे लाल कॅन घेऊन जायचं. भरलेला कॅन साधारण 15 किलोचा होतो, त्यामुळे तो गाडीपासून पडवीपर्यंत कसा न्यायचा हे आधीच बघून ठेवा. दारात गाणं वाजवत येणारी रॉकेलची गाडी असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तिच्याकडून घ्या, मी तेच करते. गेल्या वर्षीचं उरलेलं वापरू नका, हीटर बिघडतो. आणि तासाला एकदा दोन मिनिटं खिडकी उघडा, बाहेर कितीही गार असलं तरी.

जुन्या जपानी घरात भिंती पातळ आणि काच एकेरी असते. अख्खं घर तापवायच्या फंदात पडू नका. एक खोली गरम ठेवायची, तिथेच जेवण, तिथेच काम. खिडक्यांना फुगे-फुगे असलेलं प्लॅस्टिक चिकटवलं की खूप फरक पडतो. न्हाणीघराबाहेर कपडे काढायच्या जागेत छोटा हीटर ठेवाच. गारठ्यातून एकदम कढत पाण्यात शिरल्यानं रक्तदाब वरखाली होतो आणि इथे त्यानं वयस्कर माणसं दगावतात. आईबाबा भेटायला येणार असतील तर हे आधी करा.

पारा उणे चारच्या खाली जाणार असेल त्या रात्री नळ बारीक धारेनं चालू ठेवा, आणि घर दोन दिवस बंद राहणार असेल तर पाइपमधलं पाणी सोडून द्या. कोणता व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरमालकाकडून उन्हाळ्यातच बघून घ्या. बर्फाखाली तो सापडत नाही.

बूट पुण्या-मुंबईहून आणू नका. इथल्या हार्डवेअरच्या दुकानात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट मिळतात, शेतकरी वापरतात तेच. तिथूनच फावडं आणि ढकलायचं मोठं सुपासारखं अवजार घ्या. पहाटे बर्फ ढकलणारं यंत्र येऊन जातं आणि तुमच्या फाटकासमोर बर्फाचा बांध घालून जातं, तो फोडल्याशिवाय कामावर निघता येत नाही. काढलेला बर्फ रस्त्यावर टाकायचा नाही. बऱ्याच वस्त्यांत रस्त्याकडेला वाहत्या पाण्याची नाली असते, जाळी उघडून त्यात ढकलायचा, पण ठरलेल्या वेळेतच. सगळ्यांनी एकदम टाकला तर नाली तुंबते आणि पाणी खालच्या घरांत शिरतं.

या वेळा तुम्हाला कळणार कुठून? शेजाऱ्यांकडून. घरोघर फिरणारी सूचनांची फाइल येते, ती वाचून, सही करून पुढच्या घरी द्यायची. म्हणून मी आग्रहानं सांगेन की राहायला आलात की मिठाईचा लहानसा डबा घेऊन दोन्ही बाजूंना आणि समोर जाऊन या. माझ्या शेजारच्या आजींनीच मला खालच्या खिडक्यांना फळ्या कशा लावायच्या ते हातात हात धरून दाखवलं. त्यांना मी गरम मसाला देते, त्या मला मुळ्याचं लोणचं देतात. छतावर मात्र पहिल्या वर्षी चढू नका, कुणी सोबत असलं तरी. दर हिवाळ्यात बर्फ काढताना पडून माणसं मरतात, आणि त्यात सराव असलेलीही असतात.

जेवणाचं सोपं आहे. तूरडाळ, कणीक, मसाले ऑनलाइन मागवता येतात. जोराच्या बर्फात पार्सलं अडकतात म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला महिन्याभराचं भरून ठेवा. इथला कोशिहिकारी तांदूळ चिकट होतो, पण वरणभाताला मला आवडतो. शेतकऱ्याकडून पॉलिश न केलेल्या तांदळाची 30 किलोची गोण मिळाली तर घ्या. रस्त्याकडेला नाणी टाकून तांदूळ पॉलिश करून घ्यायच्या गिरण्या असतात.

घर अजून पक्कं झालं नसेल तर सही करण्याआधी मालकाला तीन गोष्टी विचारा: छतावरचा बर्फ कोण काढतं आणि त्याचा खर्च कोणावर, गाडी लावायच्या जागेला छप्पर आहे का, आणि दारापर्यंतचा रस्ता पालिका साफ करते की तुम्हाला करावा लागेल. तिसऱ्याचं उत्तर ‘तुम्हालाच’ असं आलं आणि रस्ता लांब असेल, तर दुसरं घर बघा.