घरामागे स्विमिंग पूल बांधण्याआधी काय काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की घरामागे मोकळी जागा आहे, धाकटं मूल चार वर्षांचं आहे, आणि कॉन्ट्रॅक्टर फक्त ‘काँक्रीटचा करायचा की फायबरग्लासचा’ एवढंच विचारतोय. मी पूलच्या पंप-फिल्टरच्या देखभालीचं काम करतो. माझं मत विचाराल तर तो प्रश्न नंतरचा. आधी दोन गोष्टी ठरवा: कुंपण कसं असणार आणि पाण्याकडे रोज कोण बघणार.

कुंपण आधी, कारण घरात चार वर्षांचं मूल आहे. बुडणारं लहान मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. तोंड पाण्याखाली गेलं की आवाज निघत नाही आणि काही मिनिटांत सगळं होऊन जातं. त्यामुळे ‘आम्ही लक्ष ठेवू’ एवढ्यावर भिस्त ठेवू नका. चारही बाजूंनी किमान १.२ मीटर उंच कुंपण हवं, आणि त्याला मुलांना पाय देऊन चढता येईल अशा आडव्या पट्ट्या नकोत. फाटक पूलपासून दूर, बाहेरच्या दिशेने उघडणारं आणि सोडलं की आपोआप मिटून कडी लागणारं असावं. बरेच जण तीन बाजूंना कुंपण घालतात आणि चौथी बाजू म्हणून घराची भिंत धरतात. पण त्याच भिंतीत मागचं दार असतं आणि मूल नेमकं तिथूनच पाण्याकडे जातं. कुंपण पहिल्या नकाशातच काढून घ्या. ‘पूल झाल्यावर बघू’ म्हटलं की ते राहून जातं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. तळाच्या जाळीबद्दलही विचारा. पंपाची ओढ एकाच तोंडावर असेल तर केस किंवा अंग तिथे धरलं जाऊ शकतं. म्हणून एकमेकांपासून लांब अशी दोन तोंडं आणि त्यांवर न अडकणाऱ्या, फुगीर जाळ्या मागून घ्या. मुलाला पोहायला जरूर शिकवा, पण पोहता येतं म्हणून कुंपण वगळू नका.

आता पाणी. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल पूलमध्ये साधारण ४५,००० लिटर पाणी मावतं. ते ८ तासांत एकदा फिल्टरमधून फिरवायचं तर पंपाला तासाला ५,६०० लिटर ओढावे लागतात, आणि हे रोज. विजेचा हिशेब त्यावरून करा. उन्हावाऱ्यात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडालं तरी १६० लिटर गेले. शिवाय वाळूच्या फिल्टरचा बॅकवॉश (पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं) घेताना दर वेळी काहीशे लिटर जातात. हे पाणी आणणार कुठून आणि सोडणार कुठे, हे आधीच ठरलेलं असावं. झाकणामुळे बाष्पीभवन बरंच कमी होतं, त्यामुळे त्याचे पैसे बजेटमध्ये धराच.

पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ मध्ये आणि मोकळं क्लोरीन (जंतू मारायला शिल्लक असलेलं) किमान १ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, ठेवावं लागतं. स्टॅबिलायझर, म्हणजे उन्हात क्लोरीन टिकवणारं रसायन, वापरत असाल तर किमान २. स्टॅबिलायझर नसेल तर कडक उन्हात काही तासांतच क्लोरीन संपतं. इथे एक गैरसमज फार भेटतो. पूलला उग्र वास आला, डोळे चुरचुरले की लोक क्लोरीन जास्त झालं समजून ते टाकणंच थांबवतात. प्रत्यक्षात घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात आणि तो वास त्यांचा असतो. म्हणजे बहुतेक वेळा मोकळं क्लोरीन कमी पडलेलं असतं. मिठाच्या पूलमध्येही यंत्र मिठापासून क्लोरीनच बनवतं, त्यामुळे तपासणी टळत नाही. ही तपासणी घरातलं नेमकं कोण करणार, त्याचं नाव आत्ताच ठरवा. ॲसिड आणि क्लोरीन शेजारी ठेवू नका. एकत्र आले तर विषारी वायू सुटतो. दोन प्रकारचं क्लोरीनसुद्धा एकमेकांत मिसळू नका, आग लागू शकते.

जमिनीखालचं पाणी वर आहे का, ते कॉन्ट्रॅक्टरला स्पष्ट विचारा. पाणी वर असलेल्या जागी पूल रिकामा केला की खालचं पाणी त्याला होडीसारखं वर उचलू शकतं. फायबरग्लासचा तर सहज उचलला जाऊ शकतो, काँक्रीटचाही उचलला जाऊ किंवा तडकू शकतो. तळाला रिलीफ व्हॉल्व्ह (खालच्या पाण्याचा दाब सोडणारी झडप) हवा, आणि जाणकाराला विचारल्याशिवाय पूल कधीही पूर्ण रिकामा करू नये.

बाकीचं थोडक्यात. वरून विजेच्या तारा आणि खालून ड्रेनेजचे पाइप जात नाहीत ना, ते बघा. पंपाच्या वायरिंगला अर्थिंग आणि ३० मिलिअँपियर वीजगळतीला तुटणारा ब्रेकर हवाच. मोठ्या झाडाखाली पूल नको, रोज पालापाचोळा काढत बसाल. बांधकामाची परवानगी आणि विमा आधी तपासा. खोल बाजू करू नका. तुमच्या आकाराच्या पूलमध्ये सूर मारणं सुरक्षित नाही, आणि खेळायला १.२ ते १.४ मीटर पुरतं.

कॉन्ट्रॅक्टरला होकार देण्याआधी जागेवर दोरी टाकून पूल आखा. त्याभोवती चालायची पट्टी, कुंपण आणि पंपाची खोली हेही आखा. पंप कुणाच्या झोपायच्या खोलीलगत येऊ देऊ नका. हे सगळं मावून मुलांना पळायला मोकळं अंगण उरत नसेल, तर पूल लहान करा किंवा दोन-तीन वर्षं थांबा.